कुणाकडे जायचंय?

सकाळचे साडेसहा वाजले होते. एका रेजिमेंटल सेंटरच्या, म्हणजे जवानांच्या प्रशिक्षण केंद्राच्या गेटसमोर मी, मावशी आणि काका उभे. रात्रभर एसटीत बसून आलेलो. मावशीच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि चिवड्याचा डबा. संतरीनं विचारलं, "किससे मिलना है?" काका ऐटीत म्हणाले, "दाद्याला. आमचा पोरगा आहे आत." संतरी हसला नाही. "नंबर, रँक, नाम, कंपनी?" काकांनी माझ्याकडं पाहिलं, मी मावशीकडं. मावशी म्हणाली, "अहो, उंच आहे, सावळा आहे, दोन महिन्यांपूर्वीच भरती झालाय." आत शेकडो पोरं उंच, सावळी आणि नुकतीच भरती झालेली होती.

पुढचे दोन तास समोरच्या टपरीवर चहा पिण्यात गेले. पोराचा फोन बंद, कारण शिकाऊ जवानांचे फोन एरवी जमा असतात. शेवटी काकांच्या पाकिटात घडी घालून ठेवलेलं त्याचं पत्र सापडलं. पत्राच्या मागं पाठवणाऱ्याचा पत्ता होता. त्यात नंबर, पूर्ण नाव, कंपनी, ट्रेनिंग बटालियन, सगळं ओळीनं लिहिलेलं. संतरीनं फोन फिरवला आणि दहा मिनिटांत एक हवालदार सायकलवरून आम्हाला घ्यायला आला.

लष्करी हद्दीत पाहुणा स्वतःच्या नावावर आत जात नाही, यजमानाच्या नावावर जातो, हे तेव्हा कळलं. आधार कार्डावरून तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात, एवढं ठरतं. तुम्ही आत का चाललात आणि आत काही झालं तर जाब कुणाला विचारायचा, हे आधार कार्डावर लिहिलेलं नसतं. तुमची जबाबदारी घेणारा माणूस आत हवा. तो नसेल तर तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांचे मेहुणे असलात तरी टपरीवरच बसणार. गेटवरचे सगळे किचकट नियम या एका गोष्टीतून निघतात, आणि ती पटली की संतरी उगाच छळतोय असं वाटेनासं होतं.

छावणी वेगळी, लष्करी ठाणं वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. पुण्याचा माणूस कॅम्पात कयानीच्या बिस्किटांसाठी रांगेत उभा राहतो, एम. जी. रोडवर कपडे घेतो, कुणी हटकत नाही. तोच माणूस दोन किलोमीटरवर एका मोकळ्या, सावलीच्या रस्त्याला वळतो आणि लगेच बांबूचं फाटक आडवं येतं. "हे पण कॅम्पच ना?" हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र दोन भागांत द्यावं लागतं.

कॅन्टोन्मेंट म्हणजे छावणी. तिथं लष्करही असतं आणि नागरी वस्तीही. दुकानं, शाळा, देवळं, मशिदी, चर्च, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं. कारभार बघायला छावणी मंडळ असतं. इंग्रजांनी पहिली छावणी बराकपूरला १७६५ साली वसवली. पुण्याची छावणी नोव्हेंबर १८१७ मधल्या खडकीच्या लढाईनंतरची. पेशवाई बुडाली आणि शहराच्या कडेला गोऱ्या पलटणींनी मुक्काम ठोकला. जुने पुणेकर त्या भागाला आजही 'लष्कर' म्हणतात आणि तिथल्या पोलीस ठाण्याचं नावही तेच आहे. देशात अशा ६२ छावण्या होत्या. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या खास योलचा छावणीचा दर्जा काढला आणि ६१ उरल्या. महाराष्ट्रात सात आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. नागरी वस्त्या छावणीतून काढून शेजारच्या महापालिकेला जोडायच्या, असं सरकारचं धोरण आहे.

मिलिटरी स्टेशन म्हणजे लष्करी ठाणं. तिथं नागरी वस्ती नाही, मंडळ नाही, निवडणूक नाही. जमीन लष्कराची आणि माणसंही लष्कराचीच. तिथं पहिल्या गेटपासूनच विचारपूस सुरू होते.

छावणीच्या पोटातही लष्कराच्या स्वतःच्या वापराची जमीन असते. युनिटच्या लाइनी म्हणजे जवानांच्या बराकी, दारूगोळ्याची कोठारं, मेस, क्वार्टर. म्हणजे कांद्यासारखी रचना झाली. बाहेरचा पापुद्रा सगळ्यांना खुला, त्याच्या आतला पाहुण्यांना, त्याच्याही आतला फक्त त्या युनिटच्या लोकांना, आणि गाभ्यात असे दरवाजे, जिथं त्याच युनिटच्या प्रत्येकालाही जाता येत नाही. एक गेट पार केलं म्हणजे आत मोकळं रान मिळालं, असं समजू नका. पुढच्या गेटवर पुन्हा तोच प्रश्न येणार.

आता रस्त्यांचं. छावणीतून जाणारा रस्ता रात्री बंद होतो, वळसा पडतो, आणि मग पेपरात पत्रं येतात. कॅन्टोन्मेंट कायदा २००६ सालचा आहे. त्याचं कलम २५८ सांगतं की छावणी मंडळाला रस्ता कायमचा बंद करायचा असेल तर सुरक्षेचं कारण लागतं आणि आधी जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०१८ मध्ये निर्मला सीतारामन संरक्षणमंत्री असताना देशभरातल्या छावण्यांमधले बंद केलेले रस्ते उघडायचा आदेश निघाला. लोक खूश झाले, कुरबुरी लष्कराच्या बाजूनं झाल्या. माझं मत विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. ज्या रस्त्यावरून तीन पिढ्या शाळेत गेल्या, तो एका फलकानं बंद होऊ नये. पण जवानांच्या क्वार्टरच्या खिडकीखालून रात्रभर भरधाव मोटारसायकली जाव्यात, हेही चालणार नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. मंडळाच्या अखत्यारीतला सार्वजनिक रस्ता वेगळा आणि युनिटनं स्वतःच्या जमिनीवर स्वतःसाठी केलेला रस्ता वेगळा. दुसऱ्यावरून कुणी तुम्हाला इतकी वर्षं जाऊ दिलं असेल, तर तो त्यांचा मोठेपणा होता.

गेटवर

क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बहिणीकडं, मित्राकडं जायचं असेल तर आदल्या दिवशीच कळवा. तुमचं नाव, गाडीचा नंबर आणि येणारी माणसं किती, हे यजमान गेटवर देऊन ठेवतो. ओळखपत्र मूळच लागतं. फोनमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही, आणि नेमका तुमच्या वेळेला चालत नाही. गाडीचं आरसी बुक, विमा, पीयूसी, लायसन्स हे सगळं जवळ ठेवा. दुचाकीवर मागं बसलेल्यालाही हेल्मेट हवं. शहरात कुणी बघत नाही, इथं बघतात.

गेटजवळ येताना गाडी हळू करा आणि काच खाली घ्या. रात्र असेल तर हेडलाइट बंद करून आतला दिवा लावा, म्हणजे संतरीला तुमचा चेहरा दिसेल. हेल्मेट असेल तर काढा. ही सगळी खटपट कशासाठी? संतरीच्या हातात बंदूक आहे आणि प्रखर प्रकाशामागं कोण बसलंय हे त्याला दिसत नाही. त्याला अंधारात ठेवू नका, एवढंच. रात्री पायी असाल आणि कुठून तरी "थम! कौन आता है?" असा आवाज आला, तर जिथं आहात तिथं थांबा, हात दिसतील असे ठेवा आणि मोठ्यानं नाव सांगा. घाईनं पुढं जाऊन समजावायला बघू नका. हद्दीत विनापरवानगी शिरल्यास गोळी घातली जाईल, असे फलक कुंपणावर असतात. ते शोभेचे नाहीत.

बऱ्याच गेटवर जो वयस्क संतरी दिसतो, तो डीएससीचा असतो, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा. निवृत्त होऊन पुन्हा वर्दी चढवलेला माणूस. त्यानं आयुष्यात हजारो पाहुणे पाहिलेले असतात. त्याच्याशी वाद घालून कुणी आत गेलंय, असं मी तरी ऐकलेलं नाही. 'राम राम साहेब' म्हणून नीट बोललात, तर तोच तुमच्यासाठी चार फोन करील.

ॲपवरून बोलावलेली टॅक्सी किंवा जेवणाची ऑर्डर गेटवरच थांबते. नकाशा आणखी फसवतो. क्वार्टरच्या सगळ्यात जवळचं गेट तो दाखवतो आणि ते गेट नेमकं वर्षानुवर्षं बंद असतं. यजमानाला 'लोकेशन पाठव' म्हणण्याऐवजी 'कुठल्या गेटनं येऊ' असं विचारा.

आणखी एक गोष्ट, आपल्या बऱ्याच घरांशी संबंध असलेली. अमेरिकेतून सुट्टीला आलेला भाचा असेल, त्याचा पासपोर्ट परदेशी असेल, तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, दाखवून काम भागत नाही. कायद्यानं तो परदेशी नागरिक आहे आणि परदेशी नागरिकाला लष्करी हद्दीत न्यायचं तर आधी परवानगी काढावी लागते, तिला वेळ लागतो. भाचा मराठी सफाईनं बोलतो, मोदक आवडीनं खातो, याचा तिथं उपयोग नाही. गेटवर रडारड होण्यापेक्षा यजमानाला महिनाभर आधी सांगा, नाहीतर सरळ बाहेर हॉटेलात भेटा.

आत गेल्यावर

वेगमर्यादेचा फलक असतो आणि ती पाळायची असते. कोपऱ्यावर मिलिटरी पोलीस उभा असतो, लाल टोपी आणि दंडावर 'एमपी' अशी पट्टी. जवानांची तुकडी रस्त्यानं चालली असेल तर थांबा. मधून गाडी घालू नका, हॉर्न वाजवू नका. पहाटे पीटीच्या वेळी पळणारी पोरं रस्ताभर असतात, तेव्हा शक्यतो गाडी काढूच नये. संध्याकाळी झेंडा उतरवताना बिगूल वाजला की सगळे जागच्या जागी उभे राहतात. तुम्हीही राहा. मिनिटभराचं काम आहे.

समोरून तारे लावलेली गाडी आली तर मुलं विचारतात, हे काय? ब्रिगेडियरला एक तारा, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार. साहेब गाडीत नसेल तर पाटी झाकलेली असते. लष्करी गाडीच्या नंबराच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो. तो सरकारी मालावर खूण म्हणून इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. बाणानंतरचे दोन आकडे गाडी कोणत्या वर्षी घेतली ते सांगतात.

छावणीच्या आसपासच्या काही ठिकाणी 'आउट ऑफ बाउंड्स' असा फलक दिसतो. तो बहुधा तुमच्यासाठी नसतो, जवानांसाठी असतो. त्यांनी त्या गल्लीत किंवा त्या दुकानात जायचं नाही, असा अर्थ. मी लहानपणी उलटं समजून एका रसवंतीगृहासमोरून वर्षभर मान खाली घालून गेलो होतो.

ऑफिसर्स मेसमध्ये जेवायला बोलावलं असेल तर चपला घरी ठेवा. कॉलरचा शर्ट आणि बूट घाला. बायकांच्या साडीला, सलवार कमीजला कुणी काही म्हणत नाही. पुरुषांच्या बर्म्युडाला मात्र म्हणतात. आणि मित्राच्या कार्डावर कॅन्टीनमधून, म्हणजे लष्कराच्या दुकानातून, मिक्सर आणून द्यायची गळ घालू नका. त्या कार्डावरची खरेदी त्याच्या नावावर नोंदली जाते आणि तो संकोचानं नाही म्हणू शकत नाही.

फोटोंचं वेगळं सांगायला हवं, कारण आजकाल चूक इथंच होते. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा अजून लागू आहे. त्यात 'निषिद्ध जागा' अशी व्याख्या आहे आणि लष्करी ठाणी, विमानतळ, कोठारं तिच्यात येतात. तुमचा हेतू भाच्याचा वाढदिवस टिपायचा असला तरी मागं काय आलं ते महत्त्वाचं. घराच्या आत, अंगणात, यजमानाला विचारून फोटो काढा. गेट, अँटेना, गाड्यांच्या रांगा, पहारा, युनिटच्या नावाचा फलक, हे टाळा. आत असतानाच स्टेटसला लोकेशन टाकणं तर नकोच. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हवाई क्षेत्राचे रंग ठरलेत आणि लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. छावणीला लागून असलेल्या मंगल कार्यालयात नवरदेवाची एन्ट्री वरून घ्यायची हौस महागात पडेल.

आपल्यातले कित्येकजण नकळत लष्करी तळावर जाऊन आलेले असतात. पुण्याच्या लोहगावला विमानातून उतरलात की तुम्ही हवाई दलाच्या तळावर असता. धावपट्टी त्यांची. प्रवाशांची इमारत तेवढी नागरी, तिला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. म्हणून विमान टेकल्यावर घोषणा होते की हा संरक्षण खात्याचा विमानतळ आहे, फोटो काढू नका. खिडकीतून दिसणाऱ्या सुखोईकडं फोन रोखून बसलेला एकजण तरी प्रत्येक विमानात असतोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी हवाई दलानं ती पंधरवडाभर बंद ठेवली, तेव्हा अख्ख्या पुण्याला विमानासाठी मुंबई गाठावी लागली. घरमालकानं स्लॅबचं काम काढलं की भाडेकरूला पाहुण्यांकडं जावं लागतं, तसंच. गोव्याच्या दाबोळीचीही हीच गोष्ट. तिथं नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे. कामाच्या दिवशी सकाळी नौदलाच्या वैमानिकांचा सराव चालायचा आणि त्या वेळात नागरी विमानांना जागा मिळायची नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्यामागं हेही एक कारण होतं.

कुणी ओळखीचं नसलं तरी बघता येईल असंही बरंच आहे. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालं. युद्धात पकडून आणलेला पॅटन रणगाडा तिथं हात लावून बघता येतो. नगरचा भुईकोट किल्लाही लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ ला नेहरू, पटेल, आझादांना तिथंच डांबलं होतं. ओळखपत्र दाखवून, नोंद करून आत सोडतात. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो, त्याच्या आगेमागे मुंबईत काही युद्धनौका लोकांना दाखवतात. तेव्हा बोटीवर चढायला मिळतं, पण रांग वारीची आठवण करून देणारी असते.

एका बाबतीत मात्र गंमत नाही. नगर, पारनेर, राहुरी या भागातल्या लोकांना के. के. रेंज हे गोळीबाराच्या सरावाचं मैदान माहीत आहे, नाशिककरांना देवळालीच्या तोफा. गोळीबाराच्या सरावासाठी १९३८ चा एक वेगळा कायदा आहे. त्याखाली क्षेत्र जाहीर होतं, तारखांची सूचना निघते, गावात दवंडी पिटतात. लाल बावटा वर असला की आत जायचं नाही, गुरंही सोडायची नाहीत. खरा धोका बावटा उतरल्यावर असतो. न फुटलेला गोळा जमिनीत राहतो, पितळेच्या आशेनं कुणी तो उचलतो, घरी आणून ठोकतो. आजवर माणसं गेलीत यात. असं काही दिसलं तर हात लावू नका, जागेची खूण ठेवा आणि पोलीस पाटलाला सांगा.

पत्त्याचं सांगायचं राहिलं. ट्रेनिंग सेंटरचा पत्ता गावासकट असतो. पोरगं युनिटला गेलं की पत्त्यात गाव राहत नाही. नंबर, रँक, नाव, युनिट आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पत्र आधी लष्कराच्या टपाल खात्याकडं जातं, ५६ चं दिल्लीला आणि ९९ चं कोलकात्याला. युनिट सध्या कुठल्या डोंगरात आहे ते तिथल्या लोकांना ठाऊक. म्हणून त्या पत्त्यावर पत्र जातं, माणूस जाऊ शकत नाही. काका एकदा मला म्हणाले होते, "५६ एपीओ हे स्टेशन नकाशात सापडत नाही रे." कसं सापडणार!

पुढं दाद्याची कसम परेड झाली, तेव्हा काका शहाणे झाले होते. शिकाऊ जवान आधीच घरच्यांची नावं कंपनीत देतात आणि यादी गेटवर असते. मावशीनं नंबर तीन कागदांवर लिहून एक पर्समध्ये, एक पिशवीत आणि एक काकांच्या खिशात, असा तीन ठिकाणी ठेवला होता. तिरंगा आणि धर्मग्रंथ समोर ठेवून पोरांनी शपथ घेतली. नंतर मैदानात घरच्यांची नि पोरांची अशी काही गर्दी उडाली की मघाशी एका तालात चालणारी तुकडी क्षणात दोनशे घरांत वाटली गेली. दाद्या समोर येऊन कडक सॅल्यूट ठोकून उभा राहिला. मावशीनं आधी त्याच्या गालांकडं बघितलं आणि "वाळलास" म्हणाली.

जेवण झालं, निघायची वेळ झाली. गेटवर संतरीनं हात पुढं केला. सकाळी आत येताना दिलेली चिठ्ठी परत हवी होती आणि तिच्यावर ज्याला भेटलो त्याची सही हवी होती. ती नसेल तर आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही, याचा हिशेब लागत नाही. काकांनी खिसे चाचपले. चिठ्ठी होती, सही नव्हती. दाद्या एव्हाना बॅरेकमध्ये पोचला होता.

"बुला दो," संतरी म्हणाला, "नंबर बताओ."

काकांनी नंबर पाठ म्हणून दाखवला.